लहान कारखान्यासाठी नॅस: फाइलींची नोंदवही कोणाच्या ताब्यात?

मायक्रोमीटर (धागाकर्ता)

नमस्कार. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझे यंत्रकामाचे लहान युनिट आहे. दोन व्हीएमसी आणि एक सीएनसी लेथ ही प्रोग्रामवर चालणारी यंत्रे, डिझाइनचे तीन संगणक, हिशेबाचा एक आणि तपासणी विभागातला जुना लॅपटॉप, एवढाच पसारा. ड्रॉइंग आणि प्रोग्राम आजवर पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे जात होते. मागील महिन्यात ग्राहकाने एका जॉबचे 'सी' रिव्हिजन, म्हणजे सुधारित ड्रॉइंग, पाठवले. ते डिझाइनच्या संगणकावर उतरले, पण मशीनवर गेलेल्या पेन ड्राइव्हमध्ये 'बी' रिव्हिजनचाच प्रोग्राम होता. एका भोकाचे स्थान अर्ध्या मिलिमीटरने सरकलेले होते आणि ४० नग भंगारात गेले. ऑपरेटरची चूक नव्हती, त्याच्या हाती जे दिले ते त्याने चालवले. शोध घेतल्यावर त्या एका ड्रॉइंगच्या चार संगणकांवर मिळून ९ प्रती सापडल्या आणि त्यांतल्या तीन प्रतींच्या नावात 'फायनल' हा शब्द होता.

आता एका विक्रेत्याने चार डिस्कचे नॅस, म्हणजे सर्व संगणकांसाठी जाळ्यावर फाइली साठवणारे खोके, सुचवले आहे. 'एकदा बसवले की डेटा कायमचा सुरक्षित' असे तो म्हणतो. माझे दोन प्रश्न आहेत. राउटरच्या यूएसबीला साधी हार्ड डिस्क लावून ती सर्वांना दिली, तर त्यात आणि नॅसमध्ये नेमका फरक काय? आणि विक्रेत्याचे वाक्य कितपत खरे मानावे?

जुना_टर्मिनल

विक्रेत्याच्या वाक्याचा समाचार दुसरे कोणी घेईलच. मी पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण त्याचे उत्तर नीट उमगले तर पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात.

हार्ड डिस्कला फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नसते. तिच्यापाशी असतात ते केवळ क्रमांक घातलेले ब्लॉक. कोणती फाइल कोणत्या ब्लॉकांत आहे, कोणते ब्लॉक मोकळे आहेत, फाइल शेवटी केव्हा बदलली, हे सारे एका नोंदवहीत लिहिलेले असते आणि त्या नोंदवहीच्या व्यवस्थेला आपण फाइल सिस्टीम म्हणतो. ही नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे, या एका प्रश्नावर सगळे ठरते. पेन ड्राइव्ह ज्या संगणकाला लावाल, त्याच्या ताब्यात ती जाते. मोठ्या कंपन्यांत सॅन नावाची व्यवस्था असते. तीत साठवणीचे यंत्र जाळ्यावरून नुसते ब्लॉक पुरवते आणि नोंदवही ते ब्लॉक वापरणाऱ्या सर्व्हरकडेच राहते. म्हणूनच सॅनचा एकच भाग दोन संगणकांना साध्या फाइल सिस्टीमसह जोडून दिला, तर दोघेही स्वतःला मालक समजून एकमेकांच्या नोंदी खोडतात आणि थोड्याच वेळात सगळ्याची माती होते.

नॅसमध्ये नोंदवही खोक्याकडे असते. ते खोके म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि कार्यप्रणाली असलेला स्वतंत्र संगणकच आहे. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या कंपन्यांच्या खोक्यांत आतून लिनक्स चालते. तुमचा डिझाइनचा संगणक त्याच्याकडे ब्लॉक मागत नाही. 'अमुक फोल्डरमधल्या अमुक फाइलचा इथपासून इथपर्यंतचा भाग द्या' अशी तो विनंती करतो. खोके आधी मागणाऱ्याला परवानगी आहे का ते पाहते, दुसऱ्या कोणी ती फाइल अडवून ठेवली आहे का ते पाहते आणि मगच नोंदवही उघडून मजकूर पाठवते. पाचही संगणकांना नोंदवहीला हात लावता येत नाही, म्हणून पाचही जण एकाच फोल्डरवर निर्धास्तपणे काम करू शकतात.

या विनंत्यांच्या दोन भाषा प्रमुख आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस तयार केली. ती युनिक्स या कार्यप्रणालीच्या जगात रुळली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व्हर कोणत्याही संगणकाची आठवण ठेवत नसे, प्रत्येक विनंती आपल्यापुरती पूर्ण असे. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी वाट पाहत थांबलेले संगणक जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालू लागत. 'सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे' हा पडद्यावरचा संदेश पाहत चहाचे किती कप रिचवले, याचा हिशेब माझ्या पिढीतल्या कोणाकडेही नसेल. दुसरी भाषा एसएमबी. तिचे मूळ १९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी केलेल्या कामात आहे आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. एसएमबीचा सर्व्हर मात्र आठवण ठेवतो. कोणी कोणती फाइल कोणत्या हेतूने उघडली आहे, हे त्याला ठाऊक असते. एक्सेलची फाइल सहकाऱ्याकडे उघडी असताना ती तुम्हाला फक्त वाचायला मिळते, ते याच्याच बळावर.

यात एक बारकावा मला फार आवडतो. फाइल एकट्यानेच उघडली असेल, तर सर्व्हर त्या संगणकाला 'तूर्त तुझ्या मेमरीतच बदल साठव, मला दर वेळी कळवू नकोस' अशी मुभा देतो. दुसऱ्या कोणी तीच फाइल मागितली की सर्व्हर पहिल्याला निरोप धाडतो, साठलेले बदल मागवून घेतो आणि मग दुसऱ्याला वाट मोकळी करतो.

राउटरला लावलेल्या डिस्कचेही तत्त्वतः हेच असते, तीही लहानशी नॅसच होय. पण राउटरचा प्रोसेसर दुबळा, परवानग्यांची सोय जेमतेम आणि डिस्क एकटी. घरच्या छायाचित्रांना ती पुरे, कारखान्याला नाही.

चौकस_गडी

मग सरळ क्लाउडवरच का ठेवू नये? खोके नको, डिस्क नको, देखभाल नको.

हेमांगी_क

अक्षरी मजकूर आणि एक्सेलच्या फाइलींसाठी क्लाउड उत्तमच आहे. कॅडचे, म्हणजे संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगचे, गणित निराळे पडते. सुट्या भागांसह ६०० मेगाबाइटची असेंब्ली १०० मेगाबिटच्या जोडणीवरून उतरायला पाऊण मिनिटाहून अधिक वेळ घेते. कारखान्यातल्या गिगाबिट जाळ्यावर तेच काम सहा सेकंदांच्या आत होते. दिवसातून तीस वेळा फाइल उघडणाऱ्या डिझायनरला हा फरक लगेच जाणवतो. शिवाय रस्ता खणताना इंटरनेटची केबल तुटली म्हणून मशीन थांबणे परवडत नाही. क्लाउडची जागा या व्यवस्थेत जरूर आहे, पण ती वेगळ्या कामासाठी. त्याकडे मी येतेच.

आता विक्रेत्याचे वाक्य. चार डिस्कच्या खोक्यात साधारणपणे रेड ५ नावाची रचना लावतात. रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कले विद्यापीठातल्या तिघांनी १९८८ मधल्या निबंधात मांडली: महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा ताफा वापरा आणि त्यांतली एखादी मरणार हे गृहीत धरूनच रचना करा. समजा तीन डिस्कांवर एकाच जागी १, ० आणि १ असे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहायचा की एकूण एकांची संख्या सम राहील. इथे तो ० येतो. दुसरी डिस्क गेली, तर उरलेल्या १, १ आणि ० यांकडे पाहून हरवलेला अंक ० च असला पाहिजे हे काढता येते. प्रत्यक्षात हा तपासणीचा अंक एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कांवर आळीपाळीने फिरवतात, एवढेच. याची किंमत म्हणजे एका डिस्कची जागा: ४ टेराबाइटच्या चार डिस्कांत १२ टेराबाइट मिळतात. विंडोजच्या संगणकावर ते १०.९ दिसतील. तिथे विक्रेत्याशी भांडू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

डिस्क मेल्यावर नवी बसवली की उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून चौथी पुन्हा भरावी लागते. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या गतीने भरायला सुमारे १५ तास लागतात, आणि तेही खोक्यावर दुसरे काहीच काम चालू नसेल तर. चारही डिस्का एकाच दिवशी, एकाच खेपेतल्या विकत घेतलेल्या असतील, तर त्यांचे वयही सारखेच असते, आणि नेमक्या या ताणाच्या वेळी दुसरीने मान टाकल्याची उदाहरणे आमच्या धंद्यात जो तो सांगतो. म्हणून मोठ्या डिस्का घेणार असाल तर दोन डिस्कांचे मरण सोसणारी रेड ६ किंवा आरशाप्रमाणे जोडीजोडीने लिहिणारी रेड १० निवडा. डिस्का घेताना एसएमआर पद्धतीच्या टाळा. त्यांत माहितीचे पट्टे छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि पुनर्भरण रेंगाळते.

हे सर्व कशापासून वाचवते? फक्त डिस्क मरण्यापासून. कोणी चुकून फोल्डर पुसले तर रेड ते पुसणे चारही डिस्कांवर इमानेइतबारे पार पाडते.

आराखडा

हेमांगीताईंच्या शेवटच्या वाक्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून लिहितो. कोल्हापुरात माझे वास्तुरचनेचे कार्यालय आहे. ज्याने नॅस बसवून दिले, त्याने मला साइटवरून ड्रॉइंग पाहता यावीत म्हणून खोक्याचे व्यवस्थापनाचे पान राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडे केले. मला ती सोय वाटली. एका सकाळी प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलेले होते आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. चारही डिस्का ठणठणीत होत्या, रेडचा दिवा हिरवा होता आणि तीन वर्षांची कामे कुलूपबंद होती. अभियंत्यांना आणि ग्राहकांना वेळोवेळी पाठवलेल्या ईमेलांमधून निम्मी ड्रॉइंग परत गोळा केली. उरलेली पुन्हा काढली.

हेमांगी_क

तुमची वेळ एकट्याची नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या खोक्यांना असेच गाठले आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. नॅसचे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नये. बाहेरून यायचे असेल तर आधी व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी वाटेने, कार्यालयाच्या जाळ्यात यावे आणि मग फाइल मागावी.

आता स्नॅपशॉटविषयी, कारण जुना_टर्मिनल यांनी सांगितलेली नोंदवही इथे खरी कामाला येते. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस यांसारख्या फाइल सिस्टीममध्ये बदललेला मजकूर जुन्या ब्लॉकवर न लिहिता नव्या ब्लॉकवर लिहिला जातो आणि नोंदवहीतली खूण तिकडे वळवली जाते. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या नोंदवहीची जपून ठेवलेली प्रत. जुने ब्लॉक पुसायचे नाहीत एवढेच खोक्याला सांगायचे असते, म्हणून तो क्षणार्धात होतो आणि जागा फक्त नंतर बदललेल्या भागापुरतीच लागते. डिझाइनच्या संगणकात विषाणू शिरला आणि त्याने नॅसवरच्या सर्व फाइली कुलूपबंद केल्या, तरी त्याने फक्त नवे ब्लॉक लिहिले. जुनी नोंदवही खोक्याच्या पोटात शाबूत राहते, कारण ती पुसण्याची भाषाच त्या संगणकाला येत नाही. अट एकच: व्यवस्थापकाचा पासवर्ड त्या संगणकावर साठवलेला नसावा. आराखडा यांच्या बाबतीत चोर थेट व्यवस्थापनाच्या दारातून आत आला, तेव्हा स्नॅपशॉट असते तरी त्याने ते पुसले असते.

म्हणून दुसरी प्रत खोक्याबाहेर हवी आणि तिसरी कारखान्याबाहेर. या तिसऱ्या प्रतीसाठी क्लाउड शोभतो. रात्री सावकाश चढू द्या, घाई कोणाला आहे?

खतावणी

हिशेबाच्या बाजूने दोन शब्द. मायक्रोमीटर, आपले युनिट कंपनी म्हणून नोंदलेले आहे की मालकीचे? कंपनी असेल, तर ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. पूर्वी नियमात 'ठरावीक काळाने' एवढेच होते. कंपनीला ही पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी कंपनी असो वा नसो, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. कार्यालयातल्या नॅसवर रात्री आपोआप जाणारी प्रत या कामी सोयीची पडते.

मात्र हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चालू डेटा फाइल नॅसवर ठेवून तिथूनच ती चालवण्याचा मोह होतो. माझ्या एका अशिलाने ते केले होते आणि जाळे क्षणभर तुटताच डेटा दुरुस्त करत बसण्याची वेळ आली होती. याचे कारण जाणकारांनी सांगावे.

जुना_टर्मिनल

कारण असे की डेटाबेस एका मोठ्या फाइलमध्ये शेकडो ठिकाणी थोडे थोडे लिहितो आणि अमुक लिहून झाल्यावरच तमुक लिहायचे, असा त्याचा कडक क्रम असतो. जाळ्यावरून हे करताना प्रत्येक लहान लेखनाला एक फेरी पडते, आणि फेरी अर्धवट तुटली तर क्रम मोडतो. एसक्यूलाइटसारख्या डेटाबेसचे निर्मातेही जाळ्यावरच्या फोल्डरमधून ती फाइल वापरू नका असेच सुचवतात. चालू डेटा हिशेबाच्या संगणकावरच असू द्यावा आणि काम संपल्यावर त्याची प्रत नॅसवर जावी. ड्रॉइंग, प्रोग्राम, तपासणी अहवाल, छायाचित्रे हे नॅसचे खरे खाद्य आहे, कारण त्या फाइली एकदा उघडतात, मेमरीत बदलतात आणि एकदम साठवल्या जातात.

मायक्रोमीटर

सर्वांचे आभार. युनिट मालकीचे आहे, तरी रोजचा बॅकअप ठेवणारच. गेल्या गुरुवारी, म्हणजे आमच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी, नॅस बसवले. दोन अडचणी आल्या. शॉप फ्लोअरवरच्या संगणकाला सेकंदाला जेमतेम ११ मेगाबाइट गती मिळते, डिझाइन विभागात मात्र ११० मिळते. दुसरे म्हणजे लेथचा जुना कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारा संगणक, नॅसशी बोलायलाच तयार नाही. विक्रेत्याने 'जुनी एसएमबी चालू करून टाका' असा सल्ला दिला आहे.

हेमांगी_क

११ हा आकडा बोलका आहे. गिगाबिटचे सैद्धांतिक गणित सेकंदाला १२५ मेगाबाइट आणि १०० मेगाबिटचे साडेबारा; व्यवहारात त्यांतून ११० आणि ११ पदरी पडतात. म्हणजे ती जोडणी १०० वर घसरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर जाळे तक्रार न करता निमूटपणे खालच्या गतीवर येते. केबल बदला आणि ती मोटारींच्या पॉवर केबलच्या बरोबरीने नेऊ नका. मध्ये जाळ्याच्या केबली जोडणारा एखादा जुना स्विच असेल तर तोही पाहा.

जुनी एसएमबी, म्हणजे तिची पहिली आवृत्ती, संपूर्ण नॅसवर चालू करू नका, ही हात जोडून विनंती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जग हादरवले ते तिच्यातल्याच भगदाडातून. रेनो या मोटार कंपनीला काही कारखान्यांतले उत्पादन थांबवावे लागले होते. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ती बसवली कोणी? त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये या आवृत्तीचा सर्व्हर मुळात येतच नाही. कंट्रोलरला एफटीपी ही फाइली पाठवण्याची जुनी भाषा येत असेल तर फक्त 'लेथ' या एका फोल्डरपुरते, फक्त वाचण्याच्या परवानगीने ते द्या. येत नसेल तर मधे एक जुना संगणक मध्यस्थ म्हणून ठेवा: त्याचे एक पोर्ट लेथकडे, दुसरे नॅसकडे. तो नॅसवरून प्रोग्राम उतरवून घेईल आणि लेथ त्याच्याशी जुन्या भाषेत बोलेल. धोका असलाच तर तो त्या एका संगणकापुरता राहील. या मध्यस्थावर लिनक्स आणि सांबा बसवा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी लिहायला घेतलेले हे सॉफ्टवेअर एसएमबी बोलते आणि त्याचे नावही एस, एम आणि बी ही अक्षरे ओळीने येणारा शब्द शब्दसूचीत धुंडाळून ठेवले आहे.

परवानग्यांकडे तुम्ही अजून वळला नाहीत असे दिसते. तुमचे ४० नग खरे तर तिथे वाचणार आहेत. 'चालू' फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्या, मशीनला केवळ वाचण्याचा. नवे रिव्हिजन आले की तीच व्यक्ती जुने 'बाद' फोल्डरमध्ये हलवेल, आणि 'बाद' फोल्डर मशीनवरून दिसूच नये. हे न करता नॅस बसवले, तर ९ प्रती एकाच खोक्यात नांदतील, इतकेच.

यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडली का? नुसता वीजपुरवठा पुरत नाही. बॅटरी संपत आली हे खोक्याला कळले पाहिजे, तरच ते फाइली मिटवून स्वतःहून बंद होईल. रेड ५ मध्ये मजकूर लिहिला गेला आणि तपासणीचा अंक लिहिण्याआधी वीज गेली, तर दोहोंचा मेळ तुटतो, आणि तो तुटल्याचे पुढे डिस्क मरेपर्यंत कोणाला कळतही नाही.

मायक्रोमीटर

केबलचेच दुखणे होते. वेल्डिंगच्या बाकाजवळ ती चेपली गेली होती. आता १०८ मिळतात. लेथसाठी मध्यस्थ संगणक ठेवला, यूपीएसची यूएसबी केबलही जोडली. 'चालू' फोल्डरचा अधिकार प्रोग्रामरबाईंकडे दिला आहे. पहिले दोन दिवस ऑपरेटर मंडळींनी कुरकुर केली, मग मशीनवर पेन ड्राइव्ह शोधावा लागत नाही हे त्यांच्या ध्यानात आले.

आज पुन्हा गुरुवार, म्हणून परत मिळवण्याची चाचणी घेतली. एक ड्रॉइंग मुद्दाम पुसले आणि स्नॅपशॉटमधून दोन मिनिटांत आणले. मग खोके चोरीला गेले असे समजून ते बंद केले आणि दर आठवड्याला घरी नेतो त्या बाहेरच्या डिस्कवरून तेच ड्रॉइंग काढायला बसलो. डिस्क कूटबद्ध आहे, पासवर्ड लागतो, आणि तो पासवर्ड मी 'महत्त्वाचे' नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवला होता. ती फाइल नॅसवर आहे.

जुना_टर्मिनल

या चुकीला वयाची अट नाही. कागदावर लिहा, बॉलपेनने, आणि एक प्रत घरी.

मायक्रोमीटर

लिहिला. एक पाकीट कारखान्याच्या तिजोरीत मशीनच्या बिलांसोबत आणि दुसरे घरच्या कपाटात ठेवले. मग खोके बंदच ठेवून, पासवर्ड पाकिटातल्या कागदावरून टाइप करून, चाचणी पुन्हा घेतली. ड्रॉइंग उघडले, 'सी' रिव्हिजनचे.